पाणी फिरतं राहिलं पाहिजे

माझ्या टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी लोखंडी नळीचा एक तुकडा असतो. वीतभर लांब, अडीच इंच व्यासाचा. व्हिडिओ कॉलवर कधीतरी तो दिसतो आणि कुणीतरी विचारतं, हे काय आहे? मी पेपरवेट म्हणून सोडून देतो. खरं तर पेपरवेट लागेल इतका कागद माझ्या कामात नाही.

नळीच्या एका बाजूला फुगवटा आहे. त्या फुगवट्यावर उभी फट आहे, माशाने तोंड उघडावं तशी. फटीजवळ लोखंड पातळ होत होत कागदासारखं झालंय. आत डोकावलं तर भिंतीला पांढरट तपकिरी थर दिसतो, बोअरच्या पाण्याच्या बादलीत वापरलेल्या हीटरच्या कॉइलवर बसतो तसाच.

ही नळी माझ्या आजोबांची. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. मी मेकॅनिकल इंजिनियरिंगला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी ट्रंकेतून हा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आग काय करत न्हाई रं नळीला. पाणी थांबलं की नळी जाती. एवढं ध्यानात ठेव, बाकी तुमची पुस्तकं शिकवतील."

पुस्तकांनी शिकवलं, मी पास झालो आणि बहुतेक सगळ्यांसारखा सॉफ्टवेअरमध्ये गेलो. आबा गेल्यावर तुकडा माझ्याकडे राहिला. गेल्या वर्षी एका रात्री आमच्या कंपनीचा सर्व्हर ट्रॅफिकमुळे कोसळला आणि पहाटेपर्यंत मी त्याच्यापुढे बसून होतो. तेव्हा समोर ती फट होती. त्या रात्रीनंतर मी वाचायला लागलो, की बॉयलरच्या नळीतलं पाणी फिरतं कसं, आणि ते फिरतं ठेवायला माणसांनी काय काय केलं. ही त्याचीच गोष्ट.

कागदाचा द्रोण

शाळेत एक प्रयोग असतो. कागदाच्या द्रोणात पाणी घालायचं आणि तो मेणबत्तीवर धरायचा. पाणी तापतं, कागद जळत नाही. कारण कागदाला मिळालेली उष्णता पाणी लगेच उचलून नेतं. पाणी आहे तोवर कागद शंभर अंशांच्या फार वर जात नाही.

बॉयलरची नळी म्हणजे हाच द्रोण. बाहेर हजार अंशांच्या वरची आग. आत पाणी, साखर कारखान्यातल्या ३२ किलो दाबाच्या बॉयलरमध्ये साधारण २४० अंशांना उकळणारं. नळीचं लोखंड या दोघांच्या मध्ये उभं असतं आणि ते आगीच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाजवळ राहतं. ते तसं राहिलं तरच टिकतं. साधं पोलाद ५०० अंशांच्या पुढे गेलं की त्याची ताकद झपाट्याने उतरते, मग आतला दाब त्याला फुग्यासारखं फुगवतो.

पण नळीत नुसतं पाणी असून भागत नाही, ते हलत राहावं लागतं. उकळताना भिंतीवर वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते तिथेच साचले तर भिंत आणि पाणी यांच्यात वाफेचा पडदा येतो आणि वाफ उष्णता उचलण्यात फार कच्ची असते. बुडबुडा सुटला, वर गेला आणि त्याच्या जागी नवं पाणी आलं तरच गाडी चालते. या ये-जा करण्याला इंजिनियर लोक सर्क्युलेशन म्हणतात. आपण अभिसरण म्हणू.

आपल्या जुन्या घरातला तांब्याचा बंब आठवा. मधोमध जळणाची उभी नळी, भोवती पाणी. हा बॉयलरचा जुना प्रकार: आग नळीत, पाणी बाहेर. मुंबईत कावसजी दावर यांनी ताडदेवला १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू केली त्या काळात गिरण्यांमध्ये वापरात होता तो लँकेशायर बॉयलर याच घराण्यातला. मोठा आडवा पिंप, त्याच्या पोटातून जाणारे आगीचे दोन बोगदे आणि भोवती टनावारी पाणी.

या प्रकारात दोन अडचणी होत्या. एक, एवढ्या पाण्याला नीट वाट ठरवून दिलेली नव्हती. वर उकळतं आहे आणि तळाला अजून कोमट आहे, असं व्हायचं. एकाच पिंपाचा वरचा भाग प्रसरण पावतो आणि खालचा पावत नाही, म्हणून सांधे ताणले जायचे. आणि दुसरी अडचण भयंकर होती. दाबाखाली तापलेलं टनावारी पाणी म्हणजे साठवलेला स्फोट. पिंप फाटला की दाब क्षणात उतरतो आणि पाण्याचा मोठा भाग एकदम वाफ होतो. साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्याची सोळाशेहून जास्त लिटर वाफ होते.

एप्रिल १८६५

हे काय असतं ते अमेरिकेने मिसिसिपी नदीवर पाहिलं. यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. सुलताना नावाची आगबोट सुटका झालेल्या युद्धकैद्यांना घेऊन उत्तरेकडे निघाली होती. परवाना ३७६ माणसांचा, बोटीवर दोन हजारांहून जास्त. एका बॉयलरला गळती लागली होती, तिच्यावर घाईने ठिगळ मारलेलं होतं. बॉयलरना मिळत होतं नदीचं गढूळ पाणी. २७ एप्रिल १८६५ च्या पहाटे मेंफिस शहराच्या वर बॉयलर फुटले. अकराशेहून जास्त माणसं गेली. छळछावण्यांतून जिवंत सुटलेले सैनिक घरच्या वाटेवर मेले.

आदल्याच दिवशी लिंकनचा मारेकरी ठार झाला होता, त्यामुळे वर्तमानपत्रांत या बातमीला फारशी जागा मिळाली नाही.

आपल्याकडेही तोच काळ. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसं मेली, आणि पुढच्या वर्षी बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. भारतातल्या बॉयलर कायद्यांची ती सुरुवात. मग प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे होत गेले आणि शेवटी १९२३ साली सगळ्यांसाठी एक भारतीय बॉयलर कायदा आला. आबांचा परवाना त्याच कायद्याखालचा होता. तो फ्रेम करून देवघराच्या भिंतीवर लावला होता.

कायद्याने तपासणी आली. पण मूळ प्रश्न रचनेचा होता. उपाय दिसत होता: उलटं करा. पाणी नळीत घाला आणि आग बाहेर ठेवा. नळी फुटलीच तर एका नळीपुरतं नुकसान होईल. पण नळी अरुंद असते. मोठ्या पिंपात पाणी कसंबसं फिरून घेतं. अरुंद नळीत खालून वाफ वर यायला बघते, वरून पाणी खाली जायला बघतं आणि दोघं एकमेकांना अडवतात. एका जिन्यावरून लोकल पकडायला उतरणारे आणि लोकलमधून सुटून चढणारे समोरासमोर यावेत तसं. मग नळी आतून कोरडी पडते. आगीच्या बाजूने ती तापत असतेच.

म्हणजे स्फोटापासून सुटका हवी असेल तर आधी अभिसरण सोडवायला हवं.

भांड्यात भांडं

हा गुंता ज्याने आधी नीट पाहिला त्याचं नाव जेकब पर्किन्स. जन्म १७६६, अमेरिकेत. पुढे लंडनला गेला. नोटांसाठी पोलादी ठसे कोरण्यात उस्ताद होता. जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४० चं पेनी ब्लॅक, त्याच्याच कंपनीत छापलं गेलं. वाफेवर चालणारी तोफ बनवण्याचा नाद त्याला होता, त्यामुळे फार जास्त दाबाच्या वाफेशी त्याचा रोजचा संबंध होता.

१८३१ साली त्याने पेटंट घेतलं. कल्पना इतकी साधी आहे की स्वयंपाकघरात करून बघता येईल. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं तर कडेने पाणी वर येतं आणि मधून खाली जातं. आग वाढवली की वर येणारं आणि खाली जाणारं एकमेकांत घुसतं आणि उतू जातं. आता पातेल्यात एक लहान भांडं ठेवा, तळाला भोक असलेलं, भिंतींपासून थोडं सुटं. वर येणाऱ्या पाण्याला बाहेरची वाट मिळते, खाली जाणाऱ्याला आतली. दोघांची गाठच पडत नाही. आता आग कितीही वाढवा, पाणी गोल फिरत राहतं.

पुढच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या याच एका वाक्यावर उभ्या आहेत: वर जाणाऱ्याची आणि खाली येणाऱ्याची वाट वेगळी करा.

१८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये एडवर्ड फील्ड याने ही कल्पना थेट नळीत घातली. उभी नळी, खालचं टोक बंद, आगीत लोंबकळणारी. तिच्या आत आणखी एक बारीक नळी, दोन्ही टोकं उघडी, वरचं टोक नरसाळ्यासारखं पसरट. थंड पाणी नरसाळ्यातून आतल्या नळीने खाली जातं, तळाशी वळतं आणि दोन नळ्यांमधल्या फटीतून वाफेसकट वर येतं. बंद टोकाची नळी, जिच्यात एरवी पाणी अडून बसलं असतं, ती आता झपाट्याने वाहायला लागली.

या फील्ड ट्यूबचा मोठा उपयोग झाला लंडनच्या मेरीवेदर कंपनीच्या वाफेच्या अग्निशामक गाड्यांमध्ये. आगीची वर्दी आल्यावर थंड बॉयलरमध्ये काही मिनिटांत वाफ तयार करायची असते, घोडे धावत असतानाच. तिथे पाणी सावकाश फिरून चालणार नव्हतं. आपण आंघोळीच्या पाण्याच्या भांड्यालाही बंब म्हणतो आणि आग विझवायच्या गाडीलाही बंबच म्हणतो. शब्द पोर्तुगीजांच्या पंपावरून आला असं मानतात. पण वाफेच्या जमान्यात त्या गाडीच्या पाठीवर खरोखरच एक बंब होता, फक्त आपल्या न्हाणीघरातल्या बंबाच्या उलट्या तत्त्वाचा.

बाबकॉक आणि विलकॉक्स

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये स्टीफन विलकॉक्सने १८५६ सालीच वेगळी वाट धरली होती. त्याने नळ्या उभ्या किंवा आडव्या न ठेवता तिरक्या ठेवल्या. दोन्ही टोकं उघडी, पुढे आणि मागे पाण्याच्या उभ्या जागांना जोडलेली, वर वाफेची जागा. तिरक्या नळीत वाफ आपोआप चढाच्या दिशेने जाते, मागच्या बाजूने थंड पाणी खाली उतरतं आणि नळीच्या खालच्या तोंडातून आत शिरतं. पाणी एका दिशेने गोल फिरतं.

१८६७ साली विलकॉक्स आणि त्याचा मित्र जॉर्ज बाबकॉक यांनी मिळून बॉयलरचं पेटंट घेतलं. सुलताना बुडून दोन वर्षं झाली होती. आपला बॉयलर स्फोट न होणारा आहे, हाच त्यांचा दावा होता.

या पहिल्या रचनेत त्यांनी तिरक्या नळ्यांच्या आतही आणखी नळ्या घातल्या होत्या. हेतू अर्थातच अभिसरण वाढवण्याचा. पण बॉयलर चालवून पाहिल्यावर लक्षात आलं की आतल्या नळ्या मदत करण्याऐवजी अडथळाच करतात. पुढच्याच रचनेत त्या काढून टाकल्या.

मी इथे बराच वेळ अडकलो होतो. फील्डला जी युक्ती तारते, ती इथे का मारते? मग कळलं. फील्डच्या नळीला एकच तोंड आहे, त्यातूनच जायचं आणि त्यातूनच यायचं, म्हणून मध्ये भिंत हवी. विलकॉक्सच्या नळीला दोन तोंडं आहेत. उतरायची वाट मागे वेगळी आहेच. तिथे आतली नळी म्हणजे मोकळ्या एकेरी रस्त्यावर बांधलेला डिव्हायडर.

हे मला कसं कळलं? त्यांनी स्वतःच छापलं म्हणून. या कंपनीने १८७५ पासून वाफेवरचं एक पुस्तक काढलं, जे आवृत्त्या बदलत आजही निघतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत आपण बनवलेल्या एकेक रचनेची क्रमवार यादी आहे, प्रत्येकीत काय चुकलं त्याच्यासकट. माल विकायला काढलेल्या पुस्तकात आपल्या फसलेल्या रचनांची यादी! आज आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर कोसळल्यावर पोस्टमॉर्टेम लिहितो आणि फार आधुनिक काहीतरी करतोय असं समजतो.

१८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, तेव्हा त्यातले बॉयलर याच कंपनीचे होते. १८९० साली बाबकॉकने कॉर्नेल विद्यापीठात नुसत्या अभिसरणावर व्याख्यान दिलं. सुरुवात पातेल्यापासून, मग पर्किन्सचं भांड्यात भांडं, मग इंग्रजी यू अक्षरासारखी नळी. यूची एक बाजू तापवली की त्या बाजूला वाफमिश्रित हलकं पाणी, दुसऱ्या बाजूला जड पाणी. जड बाजू हलक्या बाजूला ढकलते आणि चक्र सुरू होतं. पंप नाही, झडप नाही, आगच पाण्याला हलवते. जास्त आग म्हणजे जास्त बुडबुडे, हलकं मिश्रण आणि जास्त वेग. अर्थात एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे नळीत इतकी वाफ होते की वेग वाढला तरी प्रत्यक्षात जाणारं पाणी कमी होतं.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. समजा शंभर नळ्या शेजारी शेजारी आहेत आणि आग सगळ्यांना सारखी लागत नाही. ज्या नळीला जास्त आग, तिच्यात जास्त बुडबुडे, म्हणून तीच जास्त पाणी ओढून घेते. जिला गरज जास्त, तिला पुरवठा जास्त. वर कुणी साहेब बसून वाटप करत नाही. आमच्या धंद्यात यासाठी लोड बॅलन्सर नावाचं यंत्र ठेवावं लागतं आणि तेही पहाटे तीन वाजता दगा देतं.

यॅरोचे बर्नर

एक प्रश्न उरला होता. उतरणाऱ्या पाण्याच्या नळ्यांना आग लागली तर? सगळ्यांचं मत होतं की मग चक्र मंदावेल किंवा थांबेल. दोन्ही बाजू हलक्या झाल्या तर ढकलणार कोण? म्हणून उतरत्या नळ्या आगीपासून दूर, बाहेरून न्यायच्या, असा रिवाज होता. पण त्या जड, जागा खाणाऱ्या. लंडनमध्ये वेगवान टॉर्पेडो बोटी बांधणाऱ्या आल्फ्रेड यॅरोला एकेक किलो वाचवायचा होता.

त्याने करून पाहिलं. यू नळी घेतली, दोन्ही बाजूंना गॅसचे बर्नर लावले. आधी एकच बाजू तापवली, पाणी फिरायला लागलं. मग उतरत्या बाजूचे बर्नर पेटवले. पाणी थांबलं नाही. उलट वेग वाढला. १८९६ साली त्याने हे लंडनच्या नौशिल्पज्ञांच्या संस्थेपुढे मांडलं.

हे कसं झालं? उतरणारं पाणी वरून थंड येतं आणि त्याला वेग असतो. वाटेत ते तापतं, पण बऱ्याच अंशी उकळत नाही. कारण खाली जाताना दाब वाढत जातो आणि उकळबिंदूही वर सरकतो. तापून तयार झालेलं हे पाणी चढत्या बाजूला पोचलं की लगेच वाफ धरतं. म्हणजे उतरत्या बाजूला दिलेली उष्णता चढत्या बाजूलाच कामी येते. एक अट मात्र आहे: चढत्या बाजूला आग जास्त हवी आणि चक्र आधी सुरू झालेलं हवं. यॅरोने बाहेरच्या नळ्यांना फाटा दिला.

त्याच सुमारास ब्रिटिश आरमार उलटा धडा शिकत होतं. त्यांनी फ्रान्सच्या बेलव्हिल पद्धतीचे बॉयलर मोठ्या जहाजांवर बसवले होते. एकट्या पॉवरफुल या क्रूझरवर ४८. या बॉयलरमध्ये नळ्या नागमोडी, एकीला एक जोडलेल्या, चढ अगदी कमी आणि वाट फार लांब. तक्रारी इतक्या झाल्या की १९०० साली चौकशी समिती नेमावी लागली. पार्लमेंटपासून वर्तमानपत्रांपर्यंत या भांडणाला बॉयलरची लढाई म्हणत. १९०१ च्या अहवालात समितीने जे दोष दाखवले त्यात अभिसरण होतंच: लांब नळी, जोडपेट्यांमधलं घर्षण, पाणी आत येण्याची बारीक भोकं. नव्या जहाजांवर हे बॉयलर नकोत, असं समितीने सांगितलं. १९०६ साली ड्रेडनॉट ही प्रसिद्ध युद्धनौका आली, तिच्यावर १८ बाबकॉक आणि विलकॉक्स बॉयलर होते.

तव्यावरचा थेंब

विसाव्या शतकात दाब वाढत गेला, कारण जास्त दाबाची वाफ म्हणजे तेवढ्याच कोळशात जास्त वीज. पण दाब वाढला की अभिसरणाची मुळंच सैल होतात. चक्र चालतं ते पाणी जड आणि वाफ हलकी म्हणून. साध्या दाबाला पाणी वाफेच्या सोळाशे पट जड असतं. शंभर बार दाबाला फक्त बारा पट. १८० बारला चार पट. आणि २२१ बारला, ३७४ अंशांवर, दोघांची घनता एकच होते. पाणी कुठे संपलं आणि वाफ कुठे सुरू झाली हे सांगताच येत नाही.

त्यात दुसरं संकट. घावन घालण्याआधी आपण तव्यावर पाण्याचा हबका मारतो. तवा बेताचा तापला असेल तर पाणी चर्र करून उडून जातं. जास्त तापला असेल तर थेंब मोत्यासारखे नाचत राहतात, लवकर आटत नाहीत. जर्मन वैद्य लायडनफ्रॉस्टने १७५६ साली हे लिहून ठेवलं होतं. तव्याच्या आणि थेंबाच्या मध्ये वाफेचा पापुद्रा असतो, तो उष्णता अडवतो. १९३४ साली जपानच्या शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेली बारीक तार विजेने तापवत नेली आणि मोजमाप मांडलं. उष्णता वाढवत गेलं की एका ठिकाणापर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्या बिंदूपुढे पापुद्रा तयार होतो आणि तारेचं तापमान एकाएकी उडी मारतं. मधली पायरी नाही. तार पाण्यात बुडालेली असूनही जळून तुटू शकते.

बॉयलरच्या नळीत हे झालं तर नळी पाण्याने भरलेली असूनही जाते. यावरचा एक उपाय बंदुकीसारखा आहे. नळीच्या आतल्या भिंतीला मळसूत्रासारखे उंचवटे द्यायचे. पाणी गरगरत वर जातं, जड पाणी भिंतीकडे फेकलं जातं आणि वाफ मधोमध राहते. ताक घुसळल्यावर जड-हलकं वेगळं होतं, त्याच जातीचा प्रकार. भिंत ओली राहते, आणि पाणी थोडं कमी असलं तरी नळी वाचते.

दुसरा उपाय पंपाचा. अमेरिकी आरमारातल्या ला माँटने १९२० च्या दशकात पंप लावून पाणी नळ्यांमधून जबरदस्तीने फिरवलं. तिसरा उपाय मार्क बेन्सनचा. त्याने १९२२ साली म्हटलं, दाब सरळ २२१ बारच्या वरच न्या. तिथे बुडबुडाच नाही, म्हणून बुडबुड्याची भीती नाही. पाणी एका टोकाने पंपाने ढकलायचं, दुसऱ्या टोकाने वाफ. चक्रच नाही. ही कल्पना व्यापारी वीजकेंद्रात त्या दाबाने उतरायला १९५७ साल उजाडलं, अमेरिकेत ओहायोमधल्या फिलो इथे. आज आपल्याकडे कोराडी आणि सोलापूरला ६६० मेगावॉटचे संच याच तत्त्वावर चालतात.

पण पंपाने ढकलण्यात एक गोम निघाली. नैसर्गिक चक्रात जास्त आग लागलेली नळी जास्त पाणी ओढते. पंपाच्या जोरावर वेगाने पाणी ढकललं की उलटं होतं. जास्त तापलेल्या नळीतलं पाणी फुगतं, घर्षण वाढतं आणि पाणी शेजारच्या थंड नळीची सोपी वाट धरतं. जिला गरज जास्त, तिलाच कमी. यावर इंजिनियरांनी काय केलं असेल? वेग कमी केला, नळ्या उभ्या ठेवल्या आणि आत मळसूत्र दिलं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला पुन्हा वाव मिळेल आणि तापलेली नळी पुन्हा जास्त पाणी ओढायला लागेल. इतकं पुढे जाऊन पुन्हा पातेल्यातल्या पाण्याचा स्वभाव मिळवायचा!

आबांची नळी

साखर कारखान्यात हंगामाच्या सुरुवातीला बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. दसऱ्याच्या आसपास मंडप, सत्यनारायण, चेअरमनसाहेबांच्या हस्ते आग. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फोटोत आबा कधीच नसायचे. त्या वेळी ते आत पाण्याची पातळी बघत असायचे.

ज्या वर्षी ही नळी फुटली त्या वर्षी पाणी मऊ करणारं सॉफ्टनर यंत्र हंगामाच्या मध्यात बंद पडलं होतं. बोअरचं क्षाराचं पाणी सरळ बॉयलरला जात होतं. क्षार नळीच्या आतून बसतो आणि तो उष्णता लोखंडापेक्षा अनेक पटींनी कमी वाहतो. वर वाट अरुंद होते, पाणी कमी फिरतं, त्यामुळे अजून क्षार बसतो. आबांनी दोनदा सांगितलं की चार दिवस बॉयलर थांबवून नळ्या साफ करू. उत्तर मिळालं, ऊस तुटून गाड्यांवर वाळतोय, शेतकरी रस्त्यावर येतील. ते उत्तरही खोटं नव्हतं. गाड्यांची रांग आबांनी स्वतः पाहिली होती, आमचा ऊसही तिच्यात होता.

अकराव्या दिवशी पहाटे भट्टीच्या भिंतीतली एक नळी फुटली. बॉयलर उडाला नाही. बाबकॉक आणि विलकॉक्स यांचा हिशोब बरोबर होता: एकच नळी गेली. पण वाफेच्या झोताने बगॅसची जळती राख भट्टीच्या तोंडातून बाहेर आली आणि तिथे आबांचा जोडीदार उभा होता. तो वाचला. उजवा हात कोपरापर्यंत कामातून गेला. आबांनी पाणी, बगॅस, पंखे एकेक करून बंद केले, दाब उतरवला आणि मग त्याला उचलून दवाखान्यात नेलं. पुढच्या दुरुस्तीत नळी कापून काढली तेव्हा फिटरकडून तो तुकडा मागून घेतला.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, नळी ठेवली कशाला? मला वाटलं होतं ते मित्राबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "कागदावर लिवलंय की नळीचं लोखंड खराब होतं. लोखंड चांगलं होतं. बघ की हात लावून."

मी हात लावून बघितला आहे. फटीपासून दूर नळीची जाडी सगळीकडे सारखी आहे, वाजवली की खणखणते. लोखंड चांगलंच होतं. पांढरा थर नखाने खरवडला तर अजूनही सुटतो, पण मी आता खरवडत नाही. तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलरचे हीटर आहेत. काचेच्या तिरक्या नळ्या, खालचं टोक बंद, वर टाकी. फील्डसारखं एकच तोंड, विलकॉक्ससारखा तिरकेपणा. तापलेलं पाणी नळीच्या वरच्या अंगाने चढतं, थंड पाणी खालच्या अंगाने उतरतं, मध्ये भिंत लागत नाही. गेल्या महिन्यात सेक्रेटरी म्हणाले, पाणी कमी तापतंय, नळ्या बदलूया, कंपनीचा माल खराब दिसतोय. मी म्हटलं, आधी एक नळी काढून आत बघू.